बिवळ्याची फळी आणि पॉलिशचा वास

२ ऑगस्ट
फळी आली. दत्ता, म्हणजे मेहुणा, वर डोंगरातल्या कुडपणहून टेम्पोत घालून घेऊन आला. बिवळ्याची, चांगली रुंद. सासऱ्यांच्या बांधावरचं झाड वादळात पडलं होतं, ते कापून माळ्यावर टाकलेलं. सुनंदाने, म्हणजे बायकोने, मे महिन्यात भावाला हक्कसोड लिहून दिलं आणि जमिनीच्या बदल्यात एवढंच मागितलं. सातबाऱ्यावरून नाव उतरलं, दारात लाकूड उतरलं. कचेरीत सगळ्या बहिणी हसत हक्क सोडतात. रडायची सोय तिथे केलेली नाही.
दत्ता : "ताई, घर तुजंच हाय गो. कदीबी ये." आता म्हणायला हरकत नाही.

५ ऑगस्ट
नाते गावचे मेस्त्री रंधा मारून गेले. आतून मधाचा रंग निघाला. सु. दाराशी खुर्ची ओढून बघत होती. ऑक्सिजनच्या मशीनची नळी तेवढीच पोचते. सगळी नोकरी तिने मांडीवर पाट घेऊन मुलांच्या वह्या तपासल्या. आता शाळा नाही, वह्या नाहीत, फुप्फुसं आखडत चाललीत, आणि टेबल होतंय. आमच्याकडे वस्तू वेळेवरच येते, फक्त ती वेळ दुसऱ्या कुणाची तरी असते.
"काय लिहिणार आहेस त्यावर?"
"नुसती बसणार आहे. तुम्ही इतकं लिहिता, त्याने काय झालं?"
महाडात माझं सदर वाचून काय झालं ते हिलाच ठाऊक. या आठवड्याचंही दिलेलं नाही.

८ ऑगस्ट
वर काय लावायचं? मेस्त्रींचं म्हणणं, पीयूचं चकचकीत पॉलिश मारू, "काच वाटंल". पण त्यात थिनर. लाखेचं पॉलिश, त्यात स्पिरिट. डॉ.ना फोन केला. म्हणाले, वासाचं काहीही घरात नको, उदबत्तीसुद्धा नको. मग उरलं जवसाचं तेल.
मेस्त्री : "तेल लावतो, पर या हवेत सुकायचं नाय. दसऱ्यापातूर हात चिकटतील."
सु. आतून म्हणाली, "दसरा लांब आहे हो."
पुणं लांब आहे म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

१२ ऑगस्ट
उरलेल्या तुकड्यावर नमुने. अर्ध्यावर तेल, अर्ध्यावर लाख. तेलाच्या बाजूला आज माशी चिकटली. उद्या बुरशी येईल, आणि मी तिच्यावर सदर लिहीन. लाखेची बाजू सुंदर. ती दाखवायला तुकडा आत नेला, सुकला होता तरी. सु. दुपारभर खोकली. मी खिडक्या उघडत फिरलो. पाऊस आत, वास जागच्या जागी.
खोकून झाल्यावर : "हेच. लाखेचं."
"अगं, पण..."
"तेलकट फळीसाठी नाही सही केली मी."

१३ ऑगस्ट
मी : तशीच कोरी ठेवू. वर कापड घालू.
सु. : "कोरी म्हणजे अजून माळ्यावरच आहे ती."
दिवसभर बोलली नाही. श्वास वाचवते म्हणायलाही जागा ठेवली नाही. शेजारच्या काकूंशी चांगली तासभर बोलली.

१९ ऑगस्ट
तोडगा तिनेच काढला. पॉलिश इथे होऊ दे, तोवर मी कुडपणला जाते. घरात मी नसले की वासाचं कुणाला काय?
डॉ. : "वर गारठा, धुकं, लाइटचा भरवसा नाही. मशीन बॅटरीवर किती चालणार?" हे तिच्यासमोर सांगितलं. ती मान डोलावत होती, पालकसभेत डोलवायची तशी.
घरी येऊन तिने दत्ताला फोन केला. त्याने आधी "कदी?" विचारलं. मग "ये की."

२२ ऑगस्ट
गेली. पुढच्या सीटवर मशीन, मागे ती. म्हटलं, मीही येतो. "मेस्त्रींवर लक्ष कोण ठेवणार? आणि तुम्ही आलात की मला आजारी असल्यासारखं वाटतं."
मेस्त्रींना हाक मारली. घरभर स्पिरिट. कुणी खोकत नाही.

२९ ऑगस्ट
लाख पांढरी पडली. हवेत ओल असली की पडते म्हणे, ढग उतरल्यासारखी. घासून पुन्हा. मेस्त्रींनी वर बल्ब टांगलाय, कोंबडीची अंडी उबवतात तसा. मी समोर बसतो. दोघं मिळून काय उबवतोय कोण जाणे.
सु. फोनवर : "घाई करू नका. नीट होऊ दे." आवाजात हसू. इथे महिनोन् महिने ऐकलं नव्हतं. भावजय नाचणीची आंबील करते, ही आईच्या खोलीत झोपते. लाइट गेली की दत्ता जनरेटर लावतो. माणूस वाईट नाही; मला वाईट हवा होता.

५ सप्टेंबर
आज शिक्षक दिन. तिच्या जुन्या मुलांचे फोन इथे आले. सगळ्यांना सांगितलं, बाई माहेरी आहेत. सगळे म्हणाले, अरे वा.
मला आज कळलं, पॉलिश तिने वासासकट निवडलं. तेल लावलं असतं तर तिला घर सोडावं लागलं नसतं.

९ सप्टेंबर
झालं. मेस्त्री म्हणतात, याच्यावर आता काम नाय. खरंच नाही. बिवळ्याच्या रेघा पाण्याखाली दिसाव्यात तशा. वासही विरला. म्हणजे तिला आणायला काही आडकाठी नाही. फोन केला, लागला नाही. वर रेंज वाऱ्यावर असते.

१० सप्टेंबर
दत्ताचाच आला, गावाबाहेर जाऊन केलेला. "भावोजी, ताई आता पडवीत येत नाय. खाते थोडं. डॉक्टर आनू म्हटलं तर वराडते." मग फोन चालू ठेवून चालत घरी गेला आणि तिच्या कानाशी धरला. रेंज कशी टिकली कोण जाणे.
म्हटलं, "टेबल झालं गं. परवा गाडी घेऊन येतो."
मागे मशीनचा आवाज.
"मेस्त्रींना अजून एक हात मारायला सांगा."
"त्याची गरज नाही म्हणतायत."
"तुम्ही सांगा ना."

११ सप्टेंबर
मेस्त्री : "कशाला? हाय ते बिघडंल." म्हटलं, मारा. मारायला लागले. घराची किल्ली त्यांच्याकडे दिली. पोलादपूरची एसटी आहे, पुढे कुडपणला जीप मिळाली तर मिळाली. बोलावलेलं नाही. दारात बघून चिडेल, चिडायला श्वास लागतो. विचारील, टेबल? सांगेन, ओलं आहे अजून, तुला नेण्याची घाई नाही. ते खरंही असेल.