अव्वाची लुगडी आणि तुमची रद्दी

बाई, आज मशीनच्या दातांवर पत्र्याची चकती बसवली, गोधडीचे तिन्ही थर धावदोऱ्यानं एकत्र धरले आणि सवयीनं जुना पेपर शोधायला लागले. आमच्याकडे पेपर येणं बंद होऊन वर्षं झाली, हे तेव्हा लक्षात आलं. शेवटी वहीचे कागद फाडले. पण कोरा कागद सुईखाली घालवेना. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. तुम्ही जाऊनही किती काळ लोटला.

सत्तरच्या दशकातलं आपलं सोलापूर, तुमच्या शिवणक्लासची पत्र्याची खोली आणि शेजारच्या मागांचा खडखडाट. त्यावर आवाज चढवायचा म्हणून तुम्ही ओरडायचात, आणि मनापासून ओरडायचात. मी सतरा वर्षांची. आई, म्हणजे आमची अव्वा, वर्षापूर्वी गेलेली. थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. बाळाची गोधडी अव्वानं शिवली असती, ती आता मी शिवणार होते. तिची दोन इरकली लुगडी आणि मध्ये घालायला जुनी चादर घेऊन आले. लुगडी विरलेली, धड भाग निघाला तो एका गोधडीपुरता. चुकलं तर दुसरं कापड नव्हतं.

तुम्ही पिशवी कपाटात ठेवलीत आणि माझ्या हातात रद्दी दिलीत. सुईत दोरा न घालता कागदावर वेल काढायची. चकती बसवली की दाते कापड पुढं ओढत नाहीत, ते आपल्याच हातांनी फिरवायचं, म्हणून वाट आधी ठरलेली हवी. "कुटनं निघणार, कुटं वळणार, कुटं संपणार? बोट फिरवून दाव की आधी." मग तुम्ही कागद खिडकीशी धरता, भोकाभोकांतून उजेड येतो आणि तुम्ही म्हणता, "न्हाय. हितं अडकलीस. दुसरा घे." पंधरा दिवस मी नुसते कागद शिवले. मला तुमचा फार राग यायचा, बाई.

एका दुपारी तुम्ही दोरे आणायला बाजारात गेलात आणि मी पिशवी काढली. कसाबसा धावदोरा घातला आणि टीप सुरू केली ती काठापासून. अव्वा हातानं तशीच शिवायची, काठाकाठानं फिरत, चौकोन लहान करत मध्यापर्यंत. तिच्या लुगड्याला तिचीच रीत, एवढाच माझा विचार. मध्याशी पोचेपर्यंत सगळं कापड तिथं गोळा होऊन पोट सुटलं होतं, चुण्या टिपेत सापडल्या होत्या. मी रडत असतानाच तुम्ही दारात उभ्या.

"कुणी सांगितलं तुला काठानं यायला?"

"अव्वा तशीच करायची."

तुम्ही गोधडीचं पोट हातानं चाचपलंत. "व्हय. हातानं करायची ती. टाक्याटाक्याला कापड सारखं करायची. ह्ये मशीन थांबतंय का तुज्यासाठी? मशीनवर मधनं सुरू करून बाहेर जायचं असतंय. ऊठ, तोंड धू. उसवूया."

तीन दिवस तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्याबरोबर उसवत बसलात. मी घाई केली की कानडीत म्हणायचात, "निधान, निधान." अव्वा गेल्यापासून मला कुणी सावकाश कर म्हणून सांगितलं नव्हतं. पाणी शिंपडून इस्त्री फिरवली, तशी सुईची भोकं बरीच मिटली. मग मी मधून निघणारी वेल कागदावर काढली. तुम्ही ती खिडकीशी धरलीत आणि दोऱ्याचं रीळ पुढं केलंत. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तसा पुढं माझ्या गोधड्यांना बक्षिसं मिळाली तेव्हाही झाला नाही.

गोधडी वेळेत झाली. बहिणीनं काठ ओळखला आणि किती तरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिली. त्या गोधडीत वाढलेला तिचा मुलगा आता आजोबा होणार आहे. आजची गोधडी त्याच्या नातवंडासाठी, बहिणीनं पाठवलेल्या साडीची. हे लिहून झालं की याच कागदावर वेलीची वाट काढणार आहे, म्हणजे टपालाचा प्रश्नच मिटला.

एक मात्र सांगायचं राहिलं. उसवताना मध्यभागी नखाएवढी एक चुणी राहिली होती. "तेवढी बी काढ," म्हणून तुम्ही घरी गेलात आणि दुसऱ्या दिवशी मी काढली म्हणून सांगितलं. काढली नव्हती, बाई. अव्वाच्या रीतीचं तेवढंच उरलं होतं, ते मी वेलीच्या पानाखाली दडवलं. बाळ पुढं ती चुणी चिमटीत धरूनच झोपायचं. म्हणून आज वेलीची वाट ठरवताना मधोमध तशाच एका चुणीसाठी नखाएवढी जागा आधीच सोडून ठेवली आहे.