तीन दिवसांच्या पोळ्या

अण्णा, तुम्ही माझा कान पिरगळलात तो दिवस मी विसरलो नाही, आणि या वयात पहिल्यांदाच मला त्याचा राग येतोय. तुम्ही लग्नाघरचे आचारी. त्या दिवशी देवळाच्या भंडाऱ्याला फुकट रांधायला गेला होतात. शेजारणीनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "अण्णा आज कामाला नाही गेले." तुम्ही नेमके झारा न्यायला घरी आलेले, मागेच उभे. "पैसे घेतले नाहीत म्हणजे काम नाही होय रे, गाढवा?" तुमच्या बोटांची कणीक दुपारपर्यंत माझ्या कानावर वाळत होती.

इथे अमेरिकेत, ट्रॉयला मी बावीस वर्षं एका कारखान्यात पोळ्या लाटल्या. मालकानं मशीन आणलं आणि आम्हाला घरी बसवलं. बेकाराला सरकार भत्ता देतं, पण कसं देतं ते ऐका. दर आठवड्याला कॉम्प्युटरवर हजेरी द्यायची, नोकरी शोधल्याचा पुरावा द्यायचा. सातवी शिकलेला, धड इंग्रजी न येणारा म्हातारा मी, गोदामांना अर्ज करतो. मला कोणी घेणार नाही हे गोदामवाल्यांना माहीत, मला माहीत, भत्तेवाल्यांनाही माहीत. सगळ्यांनी मिळून नाटक करायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं.

गेल्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात मी तीन दिवस पोळ्या लाटल्या. त्या आठवड्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, काम केलंत का? मी 'हो' लिहिलं. दिवस तीन, पगार शून्य. दुसरं काही लिहिता येतं हे मला सुचलंच नाही. मग पत्र आलं, की ते तीन दिवस मी नोकरीसाठी मोकळा नव्हतो, म्हणून भत्ता बंद. जणू त्याच तीन दिवसांत नोकऱ्या माझ्या दाराशी रांग लावून उभ्या होत्या! असल्या बिनडोक लोकांना गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून खुर्चीवर बसवतात. तिकडे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटहून मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, सेवा इज नॉट वर्क! जस्ट से नो ना! आता रूम कॅन्सल करा आणि इकडे या." तिच्या घरी मला काही कमी पडणार नाही. पण या खोलीची किल्ली माझी आहे. दिवसातून दहादा खिसा चाचपून बघतो, आहे ना म्हणून.

अपील केलं. निकाल देणाऱ्या साहेबापुढे सुनावणी फोनवर झाली. मराठी दुभाषी मिळाला नाही, हिंदी मिळाला. मी भंडाऱ्यापासून सांगायला लागलो तर म्हणतो, "अंकल, कहानी नहीं. हाँ या ना. उन तीन दिनों में आप काम कर रहे थे?"

"ना."

"फिर वहाँ क्या कर रहे थे?"

"ऐसे ही बैठा था."

तेवढ्यावर साहेबाचं समाधान झालं. भत्ता सुरू झाला, खोली राहिली. खरं सांगितलं तेव्हा उपाशी मारायला निघाले होते, खोटं बोललो तसा शहाणा ठरलो. थू असल्या न्यायावर. आणि मीही त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो.

तुम्ही तर केव्हाच गेलात, हा कागद कुठे पाठवायचा? पोळपाटाखाली ठेवून देतो. काल मंडळातून फोन आला होता, "काका, यंदा पोळ्यांना येताय ना? तुमच्याशिवाय कोण आहे, यार!" मी म्हणालो, गुडघा फार दुखतो.

गुडघा दुखत नाही, अण्णा.