दहाव्याचा कावळा आणि जपानी चित्रकार

मुरूड, ता. १४ फेब्रुवारी १९३४

ती. येसाजीदाजींना शिवदासचा दुरून नमस्कार. (सुतक फिटायचे आहे, म्हणून वर श्री घातलेली नाही.) रतनताई आणि बाळ कसे आहेत? ओल्या बाळंतिणीला टाकून श्रीवर्धनाहून आपल्याला दहाव्याला येता आले नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. इकडे सर्व ठीक आहे असे लिहिणार होतो, पण काल जे झाले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

काल बाबांचा पिंड खाडीकाठी ठेवला. एरवी तिथे वाळत घातलेल्या बोंबलांपाशी काठी घेऊन माणूस बसवावा लागतो, पण काल एकही कावळा खाली उतरेना. सगळे माडावर बसून माझ्याकडे बघत राहिले. मी एकेक कबूल करीत गेलो. केसरआत्याला अंतर देणार नाही, देवीला जाईन, विडी सोडीन (मी ओढीत नाही, पण घाबरलो की काहीही कबूल करतो). कावळे ढिम्म. बाबांना काय हवे होते ते साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. मास्तरकी खुशाल करावी, पण एकदा तरी त्यांची होडी मी स्वतः समुद्रात न्यावी. तेवढेच तोंडातून निघेना. समुद्र नुसता समोर आला तरी मी पाठ फिरवतो.

दोन प्रहरी भटजी दर्भाचा कावळा वळू लागले, तशी आत्या उसळली. “गवताचा? माझा भाऊ काय ढोर हाय गवत घालायला? त्या जपान्याकडं हाय की कावळा, अगदी जित्यावानी. उचल पान!”

हा जपानी म्हणजे हायाशी नावाचा चित्रकार. दोन महिने धर्मशाळेत राहून त्याने आपला किनारा काळ्या शाईने काढला (आत्या त्याला रोज मासळी देई), आणि परत जाण्याआधी आमच्या शाळेच्या दालनात त्या चित्रांचे प्रदर्शन मांडले. एकट्या माणसाची एकतीस चित्रे. कालच ते उघडले होते.

मुंडण केलेला, ओल्या धोतरातला मी हातात पिंडाचे पान घेऊन आत शिरलो. विटाळ नको म्हणून महालकरीसाहेबांपासून शिपायापर्यंत सगळे भिंतींना चिकटले. हेडमास्तर एवढेच म्हणाले, “मास्तर, तुम्ही रजेवर आहात!” समोर पुरुषभर उंचीचे चित्र होते. सगळा काळा समुद्र, त्यात बोटाएवढी होडी, डोलकाठीवर कावळा. होडी बाबांचीच. मी पान चित्रापुढे ठेवले.

“बोल आता,” आत्या म्हणाली. “ह्यो काय उडून जायचा न्हाय.”

मी पुटपुटलो.

“मोठ्यानं! त्याला आपली बोली नवी हाय.”

तेव्हा मी ओरडलो की बाबांची होडी मीच नेईन. सगळ्या दालनाने ते ऐकले. हायाशीला वाटले, हे पान आपल्यासाठीच आणले आहे. तो काळा कोट सावरून गुडघ्यांवर बसला, दोनदा वाकला, त्याने मान तिरकी करून पिंडाकडे पाहिले आणि चिमूटभर तीळभात तोंडात टाकला.

“शिवला! शिवला!” आत्याने हंबरडा फोडला. महालकरीसाहेबांनीसुद्धा हात जोडले. भटजींनी थोडा विचार करून हे शास्त्राला धरून आहे असे सांगितले (त्यांना सकाळपासून जेवण नव्हते).

होडी येत्या सोमवारी उतरवायचे ठरले आहे. ताईला जपावे, बाळाला माझा आशीर्वाद.

आपला,
शिवदास

ता. क. रविवारी दिघीहून तरीच्या नावेने आगरदांड्याला या. प्रदर्शन बघायला आलो म्हणा.

आणखी एक. मला पोहता येत नाही. हे फक्त बाबांना माहीत होते. पोरगा अभ्यासात आहे असे सांगून त्यांनी ते वीस वर्षे झाकले. तू होडी ने, मी बसतो ना मागे, असे ते म्हणत. सोमवारी आपण तिथे बसावे, एवढ्यासाठीच हे पत्र. आपण एवढ्या होड्या चालवणारे तांडेल आहात, तेव्हा विचारणे बरे दिसत नाही, पण आपल्यालाही पोहता येत नसेल तर उलट टपाली कळवावे.