बाबांचं बोट

१४ तारीख, मंगळवार

प्रिय धाकट्या,

आज सकाळी नळाला पाणी उशिरा आलं. चादरी धुतल्या, उशांचे अभ्रे धुतले. मग बाबांच्या उरलेल्या गोळ्या घेऊन औषधवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, उघडलेली पाकिटं परत घेता येत नाहीत, काकू. मी म्हटलं, पैसे नकोत, नुसत्या ठेवून घ्या. तेही जमत नाही म्हणाला. पिशवी तशीच घरी आणली. दुपारी पडले, पण डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसले.

ताई परवा तिच्या घरी गेली. जाताना फ्रीज असा भरून गेली आहे, जणू मी पलटणीला जेवू घालणार आहे. बाबा गेले त्या दिवशी तू आलास, दाराशी उभा राहिलास आणि आत न येताच गेलास, ते मी पाहिलं होतं. हाक मारली नाही. घरात माणसं होती, पण ते कारण नव्हतं. ते पुढं लिहिते, मला एकदम लिहिता येत नाही.

तू घर सोडून गेल्यानंतर इथलं फारसं बदललं नाही. बाबा निवृत्त झाल्यावर सगळं आणखी वेळेवर व्हायला लागलं, एवढंच. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना आणि मधला वेळ वर्तमानपत्रातल्या चुका काढण्यात. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, त्यांचे डोळे स्वस्थ कसे बसणार? औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. मी म्हणायची, देव तुम्हाला वर नेईल ना, तर आधी दारावरची पाटी तपासायला बसवेल. त्यावर हसायचे आणि म्हणायचे, "असेल त्यात एखादी चूक, घाईत केलंय त्यानं बरंच काही."

तुम्ही दोघं लहान होतात तेव्हा ते काम घरी आणायचे, आठवतं का? मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, ते छापलेल्या कागदावर नजर ठेवायचे. काही सुटलेलं दिसलं की तोंडानं बोलायचे नाहीत, उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. मी थांबायची. पुढं पुढं ते बोट घरभर चालायला लागलं. भाजीत मीठ नसलं की बोट. ताईच्या वेणीची एक रिबन राहिली की बोट. तू चिडवायचास, बाबांना बोलायला पैसे पडतात म्हणून.

पुस्तकातली प्रार्थना संपली की ते एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागायचे. आधी ताई, मग तू, मग शेजारीपाजारी. नळ अर्धवट सोडून गेलेल्या प्लंबरसाठीसुद्धा, "त्याला सद्बुद्धी दे, आणि जरा लवकर दे." मग ती संध्याकाळ आली. तू खुर्चीवरून उठलास आणि म्हणालास, "रोज रोज भिंतीशी काय बोलायचं, बाबा? मी नाही बसणार आता." त्यांनी पुस्तक मिटलं नाही, आवाजही चढवला नाही. "ठीक आहे. मग भिंतीला तुझं नाव तरी कशाला सांगू?" एवढंच म्हणाले. दोघंही सारखेच. मी मध्ये बसलेली.

तेव्हापासून ताईच्या नावानंतर ते एक श्वास घ्यायचे आणि शेजाऱ्यांकडे वळायचे. त्या श्वासात मी तुझं नाव मनातल्या मनात घ्यायची. मोठ्यानं कधीच नाही. घरात शांतता राहावी म्हणून, असं स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला भीती वाटायची आणि नंतर नंतर त्याची सवय झाली. सवय झाली की माणसाला वाटतं, हे असंच असतं.

तुझ्या दुकानात केलेला चष्मा तू ताईच्या हातानं पाठवलास, तो त्यांनी शेवटपर्यंत वापरला. कुणी केला ते ताईनं सांगितलं नव्हतं. पण काचा निरखून बघत ते म्हणाले, "काम चोख आहे. आपण विचारायचं नाही, तिनं सांगायचं नाही." त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मी चहा टाकायला उठले.

शेवटच्या आठवड्यात त्यांचा आवाज गेला. प्रार्थना मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. एका संध्याकाळी पुस्तक संपवून मी नावं घ्यायला लागले. ताईचं घेतलं, श्वास घेतला आणि शेजाऱ्यांचं घेतलं, त्यांच्या पद्धतीनं, बिनचूक. बघते तर त्यांचं बोट वर. मला वाटलं, तहान लागली. चमच्यानं पाणी दिलं, त्यांनी ओठ मिटून घेतले. बोट परत वर. मी उशी सारखी केली, खिडकी लावली, पायांवर पांघरूण घातलं. ते माझ्याकडे बघत होते. मग हात खाली गेला. मी उरलेली नावं घेऊन प्रार्थना संपवली.

ते गेले त्या दिवशी, वर्तमानपत्रात द्यायच्या चार ओळी ताईनं मला वाचून दाखवल्या. मागं कोण कोण, त्यात तिनं तुझं नाव लिहिलं नव्हतं. घालावं की नाही, तिला बिचारीला कळेना. ऐकता ऐकता माझं बोट आपोआप वर झालं. ताई म्हणाली, "काय गं, पाणी देऊ?" तेव्हा मला कळलं. त्यानंतर थोड्याच वेळात तू दाराशी आलास. तुला कोणत्या तोंडानं हाक मारणार होते?

लोक म्हणतात, काकूंची श्रद्धा मोठी, म्हणून सावरल्या. मी त्या दिवसापासून प्रार्थनेला बसलेलीच नाही. ताईच्या नावापर्यंत कशी पोचू आणि पुढं काय करू?

कदाचित त्यांना दुसरंच काही हवं असेल. मी खात्रीनं सांगू शकत नाही आणि ते सांगायला नाहीत. पण पाणी त्यांनी घेतलं नाही, एवढं मी पाहिलं आहे. त्या बोटाचा अर्थ जगात कुणाला कळायला हवा होता तर मला. तुझे बाबा तुझं नाव मागत होते, धाकट्या, असं मला वाटतं, आणि ते माझ्याच्यानं दिलं गेलं नाही. हे तुला कळावं म्हणून हे पत्र. तू प्रार्थना कर असं मी म्हणणार नाही. माझ्यावर रागावलास तरी चालेल. दाराचं कुलूप जुनंच आहे, तुझ्याकडची किल्ली लागेल.

तुझीच,
आई

ता. क. पत्र मोठ्यानं वाचून पाहिलं. वर तारखेपुढं वार सुटला होता, तो घातला.