डाव्या हातातला कप

प्लेनो, शनिवार, १७ जून २००६

बेसबॉल संघाने आज तिसऱ्यांदा कळवले की, आमच्या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, उजवा खांदा केवळ आखडला आहे. मग बाकावर बसून तो डाव्या हाताने पाणी का पीत होता? विधान आणि पुरावा जुळत नसतील, तर विधान टाकावे.

"सरळ लपवतायत, बाबा. करिअर संपवतील त्याचं," टीव्हीसमोर श्रीधर म्हणाला आणि त्याने चहाचा कप डाव्या हाताने उचलला. माझा मुलगा उजखोरा आहे.

"तुझा हात?"

"आखडलाय फक्त. ऑफिसचं सॉफ्टवेअर रिलीज होऊ दे, मग दाखवतो डॉक्टरला."

तेच शब्द. त्याचे त्यालाच ऐकू आले नसतील?

मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत बाकावरचा तो माणूस अजून बसलेला होता. उजवा हात मांडीवर टाकलेला, डाव्या हातात कप. ते श्रीधरचे प्रतिबिंब आहे, हे पटायला मला फार वेळ लागला.