रिकाम्या गाडग्यातली मूठ

आई, आज कार्यालयात नव्या मुलीला बॅकअप शिकवत होते आणि मध्येच तुझी गाडगी आठवली. मी दूध संघाचे संगणक सांभाळते. पहिल्या दिवशी सगळ्या फायलींची नक्कल दुसरीकडं ठेवायची, पुढं रोज फक्त नव्या आणि बदललेल्या पाठवायच्या. मुलगी म्हणाली, "मॅडम, सोपं आहे." मी विचारलं, पुसलेल्या फायलीचं काय? पुसलेली फाइल पाठवणार कशी, ती नसतेच. म्हणून 'ही गेली' एवढा निरोप तरी पाठवावा लागतो. तो चुकला, तर गरजेच्या दिवशी नक्कल परत आणताना टाकून दिलेलंही उठून बसतं आणि चांगल्यात मिसळतं. माझा कुठल्याच नकलेवर विश्वास नाही. परत आणून, उघडून बघते, तेव्हाच घरी जाते. हा संशयी स्वभाव कुणाचा, ते तुला सांगायला नको.

तुझा उंदरांवर विश्वास नव्हता, सोसायटीच्या बियाण्यावर नव्हता आणि भुकेल्या घरावर तर मुळीच नव्हता. म्हणून अर्धं बी नळदुर्गला मावशीकडं. पहिल्यांदा सगळी गाडगी बैलगाडीतून गेली. पुढं सुगी झाली की ज्याचं बी बदललं तेवढंच जायचं, आणि जे पेरायचं सोडलं त्याचं रिकामं गाडगं. रिकामं आलं की मावशीनं तिच्याकडचं ते बी टाकून द्यायचं, असं तुम्हा बहिणींचं ठरलेलं. ज्वारीवर काणी पडली, कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघाली, त्या साली तू बाबांबरोबर दोन गाडगी धाडलीस. एकात दुसरीकडून आणलेली चांगली ज्वारी, दुसरं रिकामं.

मग दुष्काळ पडला आणि घरातलं बी आपण खाल्लं. पाऊस झाला तशी तू मला घेऊन मावशीच्या दारात उभी राहिलीस. ते अंगण मला आजही दिसतं. मावशी ज्वारीचं एकच गाडगं पुढं ठेवते, तू मूठभर दाणे नाकाशी नेतेस.

"जुनी ज्वारी टाकलीस न्हवं?"

"का टाकू? रिकामं गाडगं कुठं आलतं? दोन्हीत ज्वारी व्हती, एकात मूठभरच. म्हनलं बी हाय, जुन्यातच वतलं. पोरं उपाशी निजली, पर त्यातली मूठ दळली न्हाय बग म्या."

घरी येऊन तू बाबांना धरलंस. "तुमीच टाकली मूठ. रिकामं भांडं न्यायची लाज वाटली आसंल."

"म्या गाडग्याचं तोंडबी सोडलं न्हाय," बाबा म्हणाले.

तू ऐकलं नाहीस. काणीची मिसळ पेरू दिली नाहीस. शेवटी ज्या सोसायटीच्या बियाण्याला नाक मुरडायचीस, तेच पेरलं. ते बरं उगवलं, पण बाबांवरचा ठपका काही गेला नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचीस, "ह्यांच्या हाती काय देऊ नगा." ते हसायचे. मला त्यांची दया यायची, आणि तुझंच खरं वाटायचं.

तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी मावशीनं सहज सांगितलं, "दोन्ही गाडग्यांच्या तोंडाला तुज्या आईचीच गाठ व्हती. दातानं सोडावी लागली मला." तशी गाठ बाबांना कधी जमली नाही. गाडगी धाडलीस त्या साली मावशीची चूल एकवेळच पेटायची, हे तुला ठाऊक होतं. बहिणीच्या दारात रिकामं भांडं धाडवलं नाही ना तुला? मग बाबांना का धरलंस? की टाकलेली मूठ तू खरंच विसरली होतीस? उलटसुलट विचार करते. त्या मुठीचा मला राग येत नाही, बाबांच्या हसण्याचा मात्र येतो. आता तेही नाहीत.

हे पत्र कुठं पाठवणार? काल शेजारणीचा डबा परत द्यायचा होता. घासला, पुसला, आणि रिकामा देववेना म्हणून आत मूठभर साखर घालून झाकण घट्ट लावलं. संध्याकाळी चहा करताना ह्यांनी विचारलं, साखर इतकी कमी कशी झाली? मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुम्हीच घेतली असेल.