भरलेला रांजण

सर, आज फायनल हरलो. तुम्ही हयात असतात तर किती गोल खाल्ले हे न विचारता, कोणाला बाहेर बसवलंस, एवढंच विचारलं असतंत. मला तेच कोणाशी तरी बोलायचं आहे. घरी सोय नाही. बायको म्हणते, खेळत होतात तेव्हा निदान घाम गाळून यायचात, आता नुसतं तोंड पाडून येता. खोटं नाही ते. पुण्याच्या क्लबाकडून लेफ्ट बॅक खेळायचो तेव्हा हरलो की पाय ठणकायचे आणि गाढ झोप लागायची. गुडघा गेला, बीडला परत आलो, या क्लबाचा मॅनेजर झालो, आणि आता अंगाला काही होत नाही तरी थकवा म्हणून उतरत नाही. मॅनेजर या नावाला तुम्ही हसला असतात. मैदानातले दगड वेचायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, बॉलमध्ये हवा भरायची आणि गाडी मागायला अध्यक्षांच्या ओट्यावर बसून राहायचं. अध्यक्ष इथले पुढारी आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "हात असून बॉलला हात लावायचा न्हाई, ह्यो कसला खेळ बे?"

तुमची धारूरची पद्धत मी इथंही चालू ठेवली आहे. ज्याला बसवायचं त्याला तुम्ही कधी तसं सांगितलं नाही. फक्त म्हणायचात, "जा, रांजण भर." सगळ्यांना कळायचं. शाळेच्या पत्र्याच्या शेडमागं तो रांजण, आणि समोर किल्ल्याखालचं मैदान. माझ्या वेळच्या निवडीच्या सामन्याला पुण्याच्या क्लबाची माणसं आली आहेत, माझा घोटा सुजलेला आहे, मी मोज्याखाली फडकं आवळून बांधलंय आणि कोणाला काही बोललो नाही. निवड झाली तर पुणं, नाही तर दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या गाडीत. आणि तुम्ही म्हणता, रांजण भर. मी शेडमागं गेलो, झाकण काढलं आणि तसाच परत आलो. "सर, रांजण तर भरलेलाच हाय." तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. "मंग वतून टाक अन् पुन्हा भर. शिट्टी होईपस्तोर इकडं थोबाड दाखवू नको." मी कसला ओततो! रांजणाला टेकून बसलो आणि हुंदके देऊन रडलो. त्या साली ऊस तोडला. पुढच्या साली निवड झाली. घोट्याचा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत.

मॅनेजर झाल्यावर मलाही पहिल्यांदा एकाला बसवावं लागलं, तेव्हा कुठं कळलं की रांजण तुम्ही सकाळीच भरून ठेवत होतात. बसवलेल्या पोराला कोणाला न दिसता रडायला जागा हवी म्हणून. फार बरं वाटलं होतं मला त्या दिवशी. आता आमच्याकडं प्यायला थंड पाण्याचे जार येतात, तरी एक रांजण मी शेडमागं ठेवलाय आणि सामन्याच्या दिवशी उजाडताच स्वतः भरतो.

आज आमच्या कॅप्टनला बसवलं. नुकतं लग्न झालंय त्याचं. परवा तो आणि त्याची बायको ऊसतोडीला निघणार आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरीही जोडीचीच. त्यातला एक खाली बसला की दुसऱ्यानं कितीही राबून भागत नाही, हे मी माझ्या घरात बघितलंय. सराव करताना तो डावा पाय जपून टाकत होता. गुडघ्यावर ओढलेला मोजा खाली करायला लावला, तर गुडघा टम्म सुजलेला. "लई दुखत न्हाई, सर. येवढी एकच मॅच खेळू द्या. परवापासून ऊसच हाय." त्याची बायको पहिल्यांदाच त्याचा खेळ बघायला आली होती, रेघेच्या कडेला पदर सावरून उभी. मी म्हणालो, "जा, रांजण भर."

तो गेला आणि परत आला. "सर, रांजण भरलेलाच हाय. मला कावून काढलं, त्ये तरी सांगा." तिच्यादेखत काय सांगणार होतो, की तुझा पाय मोडला तर हिचे हाल होतील? ओतून पुन्हा भरायचं तुमचंच वाक्य जसंच्या तसं तोंडातून बाहेर पडलं. मान खाली घालून तो शेडमागं गेला. मला वाटलं, बसेल टेकून. हाफटाइमला अध्यक्ष अंगावर आले, "पाणी भराया लावायला कॅप्टन केलाय का त्याला?" मी पाण्याचा जार पोरांपुढं सरकवला. मनातून मात्र मी स्वतःवर खूश होतो, सर. सामना गेला तर गेला, गुडघा वाचवला म्हणून.

सगळे गेल्यावर झेंडे गोळा करत शेडमागं गेलो. रांजणाभोवती चिखल झालेला, आणि रांजण काठोकाठ भरलेला. हापसा रस्त्यापलीकडं आहे. तिथपासून शेडपर्यंत ओल्या मातीत त्याच्या पावलांचा माग होता, आणि डावा पाय फरफटलेला. मी सांगितलं म्हणून त्यानं रांजण खरंच रिकामा केला होता आणि त्या गुडघ्यावर घागरी वाहून पुन्हा भरला होता. शिट्टी होईपर्यंत.

तुमच्या पोरांपैकी कोणी असं केलं होतं का? केलं असेल तर तुम्ही काय केलंत? तुमचं मला एवढंच ठाऊक आहे की तुम्ही कारण सांगत नव्हतात, आणि तेच मी उचललं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. कॅप्टनचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. दिवे लागलेत, ती दोघं सामान बांधत असतील. मी जाऊन त्याचा गुडघा बघायला हवा. मला भीती वाटते, सर, म्हणून तुम्हाला लिहीत बसलोय.